अरुणदादांची विटी

माझ्या थोरल्या दिरांना, अरुणदादांना, अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावातली मराठी मंडळी संत म्हणतात. मला हा शब्द कधीच आवडला नाही. ज्याच्याकडून फुकट कामं करून घ्यायची असतात, त्याला लोक संत म्हणून मोकळे होतात. गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या मांडायच्या आहेत, अरुणला सांगा. कुणाच्या सासूसासऱ्यांना एअरपोर्टवरून आणायचंय आणि मुलाची नेमकी मीटिंग आहे, अरुण आहेच. चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो, एकटा राहतो, शर्टांना स्वतः इस्त्री करतो, आणि 'नाही' म्हणायला ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी बहुधा शाळेत गैरहजर होता.

पण संत कुणी उगीच होत नाही. अरुणदादांच्या संतपणाचं कारण एक विटी होती, आणि ते कारण मला लग्नाआधीच सांगितलं गेलं होतं.

माझ्या नवऱ्याचा, चारुदत्तचा, उजवा डोळा खोटा आहे. नीट पाहिल्याशिवाय कळत नाही, पण ही मंडळी मला बघायला आमच्या नागपूरच्या घरी पोहे खायला आली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच विषय काढला. "आमच्यात लपवाछपवी नाही हं," त्या माझ्या बाबांना म्हणाल्या. "हा दीड वर्षाचा होता. अरुण सात वर्षांचा. अंगणात विटीदांडू खेळत होता, विटी उडाली ती थेट याच्या डोळ्यात. पुण्याला नेलं, पण डोळा काढावाच लागला." अरुणदादा तिथेच बसले होते. त्यांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली आणि ते फरशीकडे बघत राहिले. मंडळी कराडला परत गेल्यावर बाबा म्हणाले, माणसं सरळ आहेत, नाहीतर असं कोण आपणहून सांगतं? मलाही तेच वाटलं. मी होकार दिला त्यात या सरळपणाचा वाटा मोठा होता.

लग्न होऊन इथे आले आणि मला कळलं की मी एका भावाशी लग्न केलंय, पण संसार दोघांनी चालवायचा आहे. अरुणदादा आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायचे. बर्फ पडला की सकाळी सहाला ड्राइव्हवेत फावड्याची खरखर सुरू, आणि खिडकीतून बघावं तर हे. चारूच्या नकळत त्याच्या गाडीचं ऑइल बदलून आणायचे. रस्त्यानं चालताना नेहमी त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे जिकडचं त्याला दिसत नाही तिकडे. चारूला इथल्या युनिव्हर्सिटीत त्यांनीच आणलं, दोन वर्षं त्याला करून खायला घातलं. मी एकदा चारूला म्हटलं, "अरे, किती राबवतोस त्यांना?" तर हसून म्हणाला, "त्याला बरं वाटतं यार त्यानं. करू दे." तेव्हा मीही हसले होते, ते आठवून आता स्वतःचाच राग येतो.

आन्या झाली तेव्हा हॉस्पिटलनं एक फॉर्म दिला. घराण्यात कुणाला डोळ्यांचा आजार, लहानपणी कुणाचा डोळा गेलेला, असं काही आहे का? मी पेन हातात घेऊन चारूला विचारलं, "तुझं लिहू का?"

"माझं काय? तो ॲक्सिडेंट होता. ती काय फॅमिली हिस्टरी आहे?"

मी 'नाही'समोर खूण केली. माझ्या हातानं केली. ही गोष्ट कुणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही.

सासूबाई रोज व्हिडिओ कॉल करायच्या. त्यांची एक सवय होती. "हिमानी, फोन जरा तिच्या डोळ्यांजवळ धर गं. हां. आता खिडकीकडे वळव तिला." मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे, आजीला नातीच्या डोळ्यांचं भारी वेड आहे. वर्षभर मी रोज तो फोन तसा धरला. आन्याचा डावा डोळा किंचित नाकाकडे वळतोय असं मला वाटलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. फोनवर एवढा वेळ शांतता होती की मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग म्हणाल्या, "काही नसतं गं. बारीक तिरळेपण भाग्याचं असतं." आमच्याकडेही तसंच म्हणतात, म्हणून मी गप्प बसले.

गप्प बसले नाहीत ते अरुणदादा. आन्याला ते कधी कडेवर घ्यायचे नाहीत, पण त्या दिवशी ती खुर्चीत बसली होती आणि ते तिला वरणभात भरवत होते. चमचा तिच्या डावीकडून आणला की ती तोंड उघडत नव्हती, उजवीकडून आणला की लगेच आ करत होती. त्यांनी पाच-सहा वेळा करून पाहिलं. मग चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाले, "हिमानी, उद्याची अपॉइंटमेंट घे. चेकअप करून घे. प्लीज." त्यांच्या तोंडून 'प्लीज' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, एकदा, दोनदा, आणि बॅटरी बंद करून फोन उचलला. दोन दिवसांनी आम्ही फिलाडेल्फियात होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आन्याला भूल देऊन तपासलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. फार क्वचित होतो. उजव्या डोळ्यात दोन बारीक गाठी होत्या, त्या लेझरनं जाळता येतील. डाव्या डोळ्यात मात्र गाठीनं अर्धा डोळा भरलाय. आन्या तेरा महिन्यांची होती, तिला नुकतेच चार दात आले होते.

"आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी," बाई म्हणाल्या. "आम्ही या क्रमानं विचार करतो. डावा डोळा काढून टाकणं हा एक सुरक्षित मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे तो वाचवायचा प्रयत्न. मांडीच्या रक्तवाहिनीतून केसाएवढी नळी डोळ्यापर्यंत न्यायची आणि औषध फक्त डोळ्यात सोडायचं. दर चार आठवड्यांनी. मेंदूकडे काही सरकलेलं नाही, म्हणून हा प्रयत्न करता येईल. पण वाचेलच असं नाही."

चारू म्हणाला, "काढून टाका. मी जगतोच आहे की एका डोळ्यावर."

अरुणदादा मागच्या खुर्चीत होते. त्यांना खरं तर बोलायचा काही अधिकार नव्हता, आणि ते तसे बोलतही नाहीत. पण उठून उभे राहिले. "नको," ते म्हणाले. "जीवाला धोका नसेल तर प्रयत्न करा. डोळा काढू नका. अजून एक नको." मी त्यांच्याकडे बघितलं आणि बाईंना म्हटलं, वाचवायचा प्रयत्न करू या.

मग बाईंनी विचारलं, वडिलांचा डोळा कशानं गेला? चारूनं इंग्रजीत विटीची गोष्ट सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली. पुढच्या आठवड्याला त्यांनी चारूचं रक्त तपासायला घेतलं आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात थेंब टाकून कितीतरी वेळ आत बघितलं. निकाल आला त्या दिवशी मी आणि चारू दोघंच त्यांच्या खोलीत होतो, अरुणदादा बाहेर आन्याच्या बाबागाडीपाशी. बाई म्हणाल्या, "तुमच्या डाव्या डोळ्यात एक जुना व्रण आहे. लहानपणी तिथे छोटी गाठ झाली आणि आपोआप मेली. रक्तातही मुलीसारखाच दोष आहे. तुमचा उजवा डोळा काठीनं गेला नाही. तुम्हाला हाच आजार होता." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "हे आधी माहीत असतं तर आम्ही बाळाला पहिल्याच आठवड्यात तपासलं असतं. अशा आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. लवकर तपासलं की गाठ मोहरीएवढी असताना सापडते."

चारूनं मान खाली घातली. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना नेहमीप्रमाणे गाडी अरुणदादा चालवत होते. मागून मीच सांगितलं, "दादा, विटी नव्हती. चारूला आन्यासारखाच कॅन्सर होता."  त्यांनी हायवेवरच्या पुढच्या रेस्ट एरियात गाडी वळवली, ट्रकांच्या रांगेशेजारी उभी केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"रक्त आलं नव्हतं," ते म्हणाले. "मी तेव्हाच आईला विचारलं होतं, एवढं लागलं तर रक्त कसं आलं नाही? ती म्हणाली, आतून लागलंय." मग चारूकडे बघून, अगदी आनंदानं म्हणावं तसं म्हणाले, "चारू, मी नाही रे केलं. ऐकतोस ना? माझ्याकडून नाही गेला तुझा डोळा." चारू खिडकीबाहेर बघत "हो रे दादा" म्हणाला.

त्या रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून कराडला लावला. स्पीकरवर. सासूबाईंकडे संध्याकाळ होती, मागे टीव्ही चालू होता.

"आई, चारूला विटी लागली नव्हती ना?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. "कोण म्हणालं?"

"डॉक्टर म्हणाल्या."

सासूबाईंना रडू यायला वेळ लागला नाही. "अरे, तेव्हा कॅन्सर म्हटलं की लोक घराचा उंबरा चढत नव्हते. त्याला कुणी जवळ घेतलं नसतं. पुण्याहून परत आलो आणि शेजारच्यांनी विचारलं, काय झालं डोळ्याला? तुझी विटी अंगणात पडली होती. तोंडातून निघून गेलं. मग तेच चालू राहिलं."

"मी सात वर्षांचा होतो आई."

"म्हणूनच ना. वाटलं, लहान आहे, विसरेल."

"मी विसरलो नाही. मोठेपणी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते रे. पण तू चारूचं किती करायचास. त्याचा अभ्यास, त्याची फी, त्याचं अमेरिकेचं. मला भीती वाटायची, सांगितलं आणि तू करायचं थांबवलंस तर?"

अरुणदादांनी टेबलाची कड धरली. मला राहवलं नाही. मी पुढे झाले. "आणि रोज फोन तिच्या डोळ्यांजवळ धरायला सांगत होतात, ते काय होतं आई? तुम्ही तपासत होतात! तुम्हाला संशय होता, आणि मला म्हणालात तिरळेपण भाग्याचं असतं!"

"मला स्वप्नं पडायची गं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, बोललं तर खरं होईल." आणि मग त्यांचा आवाज चढला. "सगळे माझ्या एकटीवर का येताय? चारूला विचारा की! त्याला तेरा वर्षांपासून सगळं ठाऊक आहे. अमेरिकेला निघाला तेव्हा पुण्याच्या हॉस्पिटलचा कागद मी स्वतः त्याच्या फायलीत घातलाय, तिकडे डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर असावा म्हणून."

चारू गॅसशी उभा राहून चहा करत होता. तो वळला नाही. चहा उतू गेला तरी तो तसाच उभा होता, शेवटी गॅस मीच बंद केला.

म्हणजे फॉर्म भरताना त्याला ठाऊक होतं. बाईंना विटीची गोष्ट इंग्रजीत रंगवून सांगताना ठाऊक होतं. रेस्ट एरियात "हो रे दादा" म्हणतानाही. आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते! माझ्या आयुष्यात मला इतकं कुणी फसवलेलं नाही. एखाद्या परक्यानं फसवलं तर माणूस निदान शिव्या घालून मोकळा होतो. इथे शिव्या घालायच्या तर त्याच माणसाशेजारी उभं राहून, आमच्या मुलीच्या डोळ्यांत रात्री थेंब घालायचे होते.

मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू लग्न केलं असतंस?"

"ते ठरवायचा हक्क माझा होता. आणि आन्या झाली तेव्हा? तेव्हा तर लग्न होऊन सात वर्षं झाली होती."

"मला वाटलं, मला झाला, तो संपला. मुलांना येतो हे मला माहीत नव्हतं. आय स्वेअर, हिमानी."

असेलही. पण मिक्सर घ्यायचा असला तरी चाळीस रिव्ह्यू वाचणारा हा माणूस. स्वतःच्या आजाराचं नाव एकदा, फक्त एकदा, शोधून बघायला त्याला तेरा वर्षांत सवड झाली नाही. वाचलं नाही, कारण वाचलं असतं तर सांगावं लागलं असतं. मी त्याला हे तोंडावर सांगितलं, आणि त्यानं ते नाकारलं नाही.

 अरुणदादांनी फोन खिशात घातला आणि ते गेले. मला वाटलं, आता हे येणार नाहीत, आणि आले नसते तर मी त्यांना एका शब्दानं दोष दिला नसता. पण पुढच्या तारखेला पहाटे पाचला त्यांची गाडी दारात होती, मागच्या सीटवर आन्याची खुर्ची बांधलेली. फक्त एक झालं. गाडीत ते माझ्याशी बोलायचे, आन्याशी बोलायचे, चारूशी नाही. चारूनं माफी मागून पाहिली, विनोद करून पाहिला, एकदा तर चिडूनही पाहिलं. ते "हं" म्हणायचे. त्यांच्या ड्राइव्हवेतला बर्फ काढायलाही चारू एकदा गेला होता. त्यांनी दारातून बघितलं आणि दार लावून घेतलं.

आठ महिने असे गेले. दर चार आठवड्यांनी आन्याला उपाशी ठेवायचं, ती दुधासाठी रडायची, मग भूल, मग वाट. आधी तीनदा नळीतून औषध झालं. पापणी सुजायची, पापण्यांचे केस गळले, एकदा ताप चढून तीन दिवस राहावं लागलं. प्रत्येक वेळी बाई बाहेर यायच्या आणि मी त्या तोंड उघडायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचे की डोळा राहिला की गेला. सहाव्या खेपेला गाठ पुन्हा वाढल्यासारखी दिसली तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, आणखी दोन वेळा औषध देऊन बघू, नाहीतर काढावा लागेल. त्या दोन्ही महिन्यांत मी देवाचं नाव घेतलं नाही, कारण घेतलं की भांडायलाच तोंड उघडायचं.

त्यातली दुसरी खेप मार्चमध्ये होती. आम्ही तिघं बाहेर बसलो होतो. बाई आल्या, ऑपरेशनची टोपी काढून हातात घेतलेली. "गाठ मेली आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. डावीकडची पूर्ण वाळून चुनखडीसारखी झालीय. तपासत राहावं लागेल, वर्षानुवर्षं. पण आज मी सांगू शकते, दोन्ही डोळे राहतायत. उजव्यानं ती छान वाचेल. डाव्यानं उजेड आणि आकार दिसतील."

मी खुर्चीतच रडायला लागले. चारूही रडत होता. तो उठला आणि दोन्ही हात पसरून अरुणदादांकडे गेला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते त्याच्याशी बोलले. पण आधी त्यांनी तळहात त्याच्या छातीवर ठेवून त्याला तिथेच थांबवलं.

"चारू, तुला विनीता आठवते?"

मला विनीता ठाऊक होती, म्हणजे ऐकून. अरुणदादांच्या ऑफिसातली, मूळची ठाण्याची. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी त्यांचं जवळजवळ ठरलं होतं आणि मग एकाएकी मोडलं. चारू मला सांगायचा, दादा फार बुजरा आहे यार, त्याला जमलं नाही.

"मी तुझ्या अपार्टमेंटवर आलो होतो," अरुणदादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण एकेक शब्द नीट उच्चारत होते. "तुला म्हटलं, तिला मूल हवंय. मला भीती वाटते. मला लहान मूल हातात घ्यायचीच भीती वाटते, माझ्या हातून एकदा झालंय. तुला विचारलं मी. दुसऱ्या कुणाला नाही, तुला. करू का लग्न?"

"दादा, तेव्हा मी..."

"तेव्हा कागद तुझ्या फायलीत होता. तीन वर्षं झाली होती. तू काय म्हणालास, आठवतं?"

चारूनं पसरलेले हात खाली घेतले.

"तू म्हणालास, 'बघ बाबा, रिस्क तर असतेच.'"

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटत होतं, माझ्या नवऱ्याचं सगळं आता मला कळून चुकलंय. चारू खाली बसला, तोंडावर हात घेऊन. अरुणदादा उभेच होते. 

तेवढ्यात आतलं दार उघडून नर्स बाहेर आली. आन्या जागी होतेय, रडतेय, तिच्याजवळ कुणीतरी या. फक्त दोघं. चारूनं डोळे पुसले आणि सवयीनं उठला.

"तू बस," मी म्हटलं.

 नर्सनं विचारलं, हे वडील ना? मी म्हटलं, वडील इथेच थांबतील. मग अरुणदादांकडे वळले. "चला दादा."

"मी?" ते म्हणाले. "मी कशाला, हिमानी?"

"ती रडतेय. तुम्ही घ्या तिला."

ते जागचे हलेनात. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.